गोळ्यांचा हिशोब ठेवलात, आता माणसांचा द्या

महाराष्ट्र शासनाचा गृह विभाग, नाशिकचे जिल्हाधिकारी आणि नाशिक ग्रामीणचे पोलीस अधीक्षक यांना हा जाहीर इशारा आहे. खेरवाडीच्या गोळीबाराची सगळी कागदपत्रे येत्या 10 नोव्हेंबरपर्यंत लोकांपुढे ठेवा. ठेवली नाहीत तर आम्ही काय करणार, तेही खाली लिहिले आहे. वाचून घ्या आणि वरिष्ठांना दाखवा. या मजकुरात ‘विनंती’ हा शब्द सापडणार नाही. सरकारच्या गोळीने नागरिक मेला, तर त्याचा हिशोब मागण्यासाठी कोणाच्या पाया पडण्याची गरज नसते.

नव्या पिढीला खेरवाडी माहीत नाही, म्हणून आधी थोडे सांगतो. नाशिकरोडहून मनमाडच्या दिशेने निघालात की ओढा लागते, मग खेरवाडी, मग कसबे सुकेणे, मग निफाड. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या शिट्टी देत निघून जातात, असे ते लहान स्टेशन आहे. आजूबाजूला ऊस, कांदा आणि द्राक्षबागा. नोव्हेंबर 1980 मध्ये याच पट्ट्यातले शेतकरी उसाला टनाला 300 रुपये आणि कांद्याला उत्पादन खर्च भरून निघेल इतका भाव मागत होते. आदल्या वर्षी स्थापन झालेली शेतकरी संघटना आणि चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेले शरद जोशी यांच्या मागे सबंध नाशिक जिल्हा उभा राहिला होता. 10 नोव्हेंबरला रास्ता रोको आणि रेल रोको सुरू झाले. हजारो माणसे अटक करवून घेत होती. त्या आंदोलनात खेरवाडीला पोलिसांनी गोळी चालवली आणि दोन शेतकरी मेले. मुख्यमंत्री तेव्हा ए. आर. अंतुले होते.

त्या दोघांची नावे मी इथे लिहीत नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय ती कोणीच फलकावर चढवू नयेत आणि त्यांच्या संमतीने ती पहिल्यांदा कोणी लिहायची असतील, तर ती सरकारने लिहायची आहेत. ते दोघे कोणत्या जातीचे, कोणत्या पक्षाकडे झुकलेले, याची चौकशीही आम्हाला करायची नाही. मालाला भाव मागायला ते घराबाहेर पडले होते, आम्हाला एवढे पुरेसे आहे.

आता हिशोबाचे बोलू, कारण ती भाषा आम्हालाही कळते आणि तुम्हालाही. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर रिकामा झाला की हातात हिशोबपट्टी पडते. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, आणि शेवटी हातात काय येणार तो आकडा. कांदा मातीमोल गेला तरी पट्टी मिळते आणि तिच्यावर सही असते. पोलीस खात्यातही अशीच पद्धत आहे. शस्त्रागारातून काडतुसे बाहेर गेली की नोंद होते. परत किती आली, फैरी किती झाडल्या, रिकामी काडतुसे किती जमा झाली, हे लिहावे लागते, कारण काडतूस ही सरकारी मालमत्ता आहे. म्हणजे त्या दिवशी खेरवाडीला किती गोळ्या सुटल्या, हे सरकारच्या एखाद्या वहीत कोणाच्या तरी हाताने लिहिलेले असणार. हुकूम कोणी दिला? जमावाला पांगायला किती वेळ दिला? लाठी आणि अश्रुधूर आधी वापरले की नाही? कायद्याप्रमाणे बंदूक शेवटी उचलायची असते. ती शेवटीच उचलली गेली का, हे त्याच कागदांवरून ठरेल. आम्हाला ते कागद हवे आहेत.

फाइल गोपनीय आहे, हे उत्तर चालणार नाही. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा कलम 8 च्या तिसऱ्या पोटकलमात सांगतो, की वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची माहिती मागणाऱ्याला द्यावीच लागते. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढेच काय ते अपवाद. रेल्वे रुळावरच्या शेतकऱ्यांवर झाडलेल्या गोळीत देशाची सुरक्षा कुठे आड येते, हे ज्या अधिकाऱ्याला सांगायचे असेल त्याने स्वतःच्या सहीने लेखी सांगावे. फाइल सापडत नाही असे म्हणायचे असेल, तर ती कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने, कोणत्या नियमाखाली नष्ट केली त्या नोंदवहीचे पान द्या. दंडाधिकाऱ्यांची किंवा दुसरी कुठली चौकशी झाली असेल, तर अहवाल द्या. झाली नसेल, तर ‘चौकशी झाली नाही’ हे तीन शब्द जिल्हाधिकाऱ्यांच्या शिक्क्यासह द्या. तो कागदही आम्ही जपून ठेवू, आमच्या नातवंडांना दाखवायला लागेल.

सरकारला आठवण ठेवता येत नाही, असे कोणी म्हणू नये. मनात आले की सरकारला सगळे आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळ्या झाडल्या त्या मोरारजी देसाईंच्या सरकारने, आणि आज दरवर्षी 1 मे रोजी मुख्यमंत्री हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहतात. ते योग्यच आहे. पण ते घडले, कारण लढा जिंकला आणि राज्य मिळाले. आणीबाणीचेही तसेच. शहा आयोगाच्या आकड्यांप्रमाणे मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभर एक लाखाहून अधिक माणसे डांबली गेली. आमच्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातही राजबंदी होते. त्यातले कित्येक पुढे आमदार, खासदार, मंत्री झाले. 2018 मध्ये महाराष्ट्राने त्यांना मासिक मानधन सुरू केले, 2020 मध्ये सरकार बदलल्यावर ते बंद झाले, 2022 मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि ते पुन्हा सुरू झाले. 2024 मध्ये केंद्राने 25 जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला.

या मानधनाला माझा विरोध नाही. विनाचौकशी तुरुंगात सडलेल्या माणसाचे राज्यावर ऋण आहेच. पण त्याच आणीबाणीत महाराष्ट्रात दोन वर्षांत चौदा लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक देशात पहिल्यांदा मंजूर केले ते याच राज्याच्या विधिमंडळाने, 1976 मध्ये. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. ज्यांना मास्तर, तलाठी आणि पोलीस पाटील शिबिरापर्यंत ढकलत घेऊन गेले, त्या गरिबांसाठी कोणता दिवस आहे? त्यांच्यातून कोणी मंत्री झाला नाही.

खेरवाडीच्या दोघांचीही गत हीच आहे. जे मेले त्यांची बाजू सत्तेवर आली नाही. शेतकरी आजही कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसतो. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा चांदवडपासून लासलगावपर्यंत तो बसलाच. हरलेल्या माणसाच्या मरणाची नोंद सरकारला ठेवायची नाही, एवढाच या विस्मृतीचा अर्थ निघतो, आणि आम्हाला तो मान्य नाही. मारलेल्यांची आठवण ही सत्तेवर बसलेल्याच्या मर्जीची गोष्ट असू शकत नाही. आज तुम्ही आपल्या माणसांना मानधन द्याल, उद्या दुसरे येऊन ते बंद करतील. ज्याच्या बाजूने कोणीच सत्तेवर येत नाही, त्याने काय करायचे?

सबबी आम्हाला आधीच माहीत आहेत. पहिली सबब: सरकार आमचे नव्हते, काँग्रेसचे होते. 1980 नंतर या राज्यात काँग्रेस, पुलोदमधले जुने मित्र, शिवसेना, भाजप, राष्ट्रवादी, सगळ्यांनी सत्ता भोगली. राज्याचे कर्जरोखे नवे सरकार आल्यावर बुडीत निघत नाहीत. जुन्या सरकारने केलेली भूसंपादने नवे सरकार परत देत नाही. मग जुन्या सरकारच्या गोळ्यांचे उत्तरदायित्व तेवढे कसे संपते? दुसरी सबब: रेल रोको बेकायदा होता, प्रवासी अडकले होते. होय, अडकले होते, आणि त्यांचे हाल झाले ते आम्ही नाकारत नाही. रूळ अडवणे हा गुन्हा आहे आणि त्याला कायद्यात शिक्षा ठरलेली आहे. ती शिक्षा मृत्यूची नाही. तिसरी सबब: आता जखमा उकरून काय मिळणार? ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी ही जखम झाकून ठेवली आहे, ती भरून आलेली नाही. दोन्हींतला फरक त्या घराच्या ओट्यावर दहा मिनिटे बसलात तरी कळेल.

आणि मिळणार काय, याचे उत्तरही देतो. त्याच 1980 साली, खेरवाडीच्या सहा महिने आधी, मे महिन्यात, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्कराने स्वतःच्याच नागरिकांवर गोळ्या घातल्या. मेलेल्यांना दंगेखोर ठरवले गेले. घरच्यांनी हार मानली नाही. पुढे दोन माजी राष्ट्राध्यक्षांवर खटले चालले, 1996 मध्ये त्यांना शिक्षा झाल्या आणि 1997 पासून 18 मे हा दिवस तिथे सरकारी स्मरणदिन झाला. त्या दोघांना नंतर माफी मिळाली, हेही सांगितले पाहिजे, पण माफी निकालानंतर आली, निकालाऐवजी नाही. 2023 मध्ये त्यातल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या नातवाने ग्वांगजूला जाऊन आजोबांच्या कृत्याबद्दल पीडितांची क्षमा मागितली. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका रात्री पुन्हा लष्करी कायदा जाहीर केला, तेव्हा लोक संसदेकडे धावले आणि काही तासांत संसदेने तो हाणून पाडला. ग्वांगजू त्यांच्या पाठ्यपुस्तकात होते, सरकारी स्मरणदिनांच्या यादीत होते, घराघरात होते. त्या रात्री रस्त्यावर आलेल्या माणसांना कोणी काही समजावून सांगावे लागले नाही.

आमच्याकडे उलट चालले आहे. खेरवाडीनंतर पाच महिन्यांत, एप्रिल 1981 मध्ये, निपाणीला तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्यांवर कर्नाटक पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि बारा जण मेले. सीमाभागातली ती मराठी गावे. नोव्हेंबर 1994 मध्ये नागपूरला विधानभवनाजवळ लाठ्या उगारल्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी मेले. जुलै 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात पवना जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी द्रुतगती मार्गावर मारले गेले. प्रत्येक वेळी सरकार हळहळले, मदत जाहीर झाली आणि पुढची घटना घडेपर्यंत शांतता. यातला रमाबाई नगरचा दाखला मी वेगळा काढतो, कारण तिथे चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि 2009 मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. बारा वर्षे लागली, पण ते झाले. लोकांनी ते प्रकरण सोडले नाही म्हणून झाले.

बाकी ठिकाणी ते का होत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 132 व्या कलमात ही ढाल होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती जशीच्या तशी ठेवली आहे. इंग्रजांच्या वेळचे कायदे मोडीत काढले म्हणून डंका पिटला, तेव्हा हे कलम मात्र जपून बरोबर घेतले. चौकशी आयोगाचा 1952 चा कायदा म्हणतो, की अहवाल सहा महिन्यांत कार्यवाहीच्या टिपणीसह सभागृहापुढे ठेवा. आयोगच नेमला नाही की सहा महिनेही नाहीत आणि टिपणीही नाही.

म्हणून आम्हाला काय हवे ते स्पष्ट सांगतो. गोळीबाराची मूळ कागदपत्रे निफाडच्या तहसील कार्यालयात कोणालाही वाचता येतील अशी खुली करा आणि संकेतस्थळावर टाका. रेल्वेकडची त्या दिवसांची नोंद केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली मागवून घ्या, ते काम जिल्हाधिकाऱ्यांचे. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन करून राज्याच्या वतीने क्षमा मागावी. ‘दिलगिरी’ हा शब्द वापरू नये, बस उशिरा आली की तो वापरतात. दोन्ही घरांना जे काही मिळाले किंवा मिळाले नाही त्याची माहिती आधी त्या घरांना द्यावी, आणि त्यांना जे योग्य वाटेल ते त्यांच्याशी बोलून ठरवावे, वर्तमानपत्रात आकडा जाहीर करून नव्हे.

आणखी एक मागणी आहे, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. महाराष्ट्र पोलीस अकादमी आमच्याच शहरात, त्र्यंबक रस्त्यावर आहे. राज्याचे फौजदार इथे घडतात. खेरवाडी, रमाबाई नगर आणि मावळ हे तीन प्रसंग त्यांच्या अभ्यासक्रमात घाला. कोणत्या क्षणी कोणता निर्णय झाला आणि काय करता आले असते, हे प्रत्येक तुकडीने शिकले पाहिजे. खेरवाडी अकादमीपासून तासाभराच्या अंतरावर आहे, प्रत्येक तुकडीला तिथे एकदा घेऊन जा.

त्या दिवशी रुळाजवळ बंदूक घेऊन उभे असलेले शिपाई आज सत्तरीच्या पुढे असतील. यातला कोणी नाशिकमध्येच निवृत्त जीवन जगत असेल. त्यांनी बोलावे. आम्ही त्यांच्या दारात मोर्चा आणणार नाही, त्यांचे नाव छापणार नाही आणि त्यांच्या मुलाबाळांना त्रास होऊ देणार नाही, हा आमचा शब्द आहे. हुकूम कोणाचा होता, ते स्वतः घाबरले होते का, नंतर काय लिहून घेतले गेले, हे त्यांनी सांगितले तर दोन घरांना जे आजवर कोणी सांगितले नाही ते कळेल. रुळावर बसलेले तेव्हाचे विशीतले तरुणही आता पासष्टीच्या पुढे आहेत. दोन्ही बाजूंचे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. सलोखा ज्यांच्यात व्हायचा तीच माणसे उरली नाहीत, तर मग तो करणार कोणामध्ये?

आमच्या लोकांनाही एक सुनावतो. 10 नोव्हेंबर आला की हुतात्म्यांच्या फोटोला हार घालायचा, भाषणे ठोकायची आणि निवडणुकीत ज्याच्या विरोधात बोललो त्याच्याच व्यासपीठावर जाऊन बसायचे, हे बंद करा. शेतकरी संघटनेच्या जेवढ्या फांद्या फुटल्या त्या प्रत्येकीला हे दोघे आपले वाटतात. हक्क सांगण्याआधी त्या दोन घरांत गेल्या वर्षभरात कोण गेले होते ते सांगा. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला याच तारखांना लाखाच्या घरात शेतकरी बायका जमल्या होत्या. त्यांना कोणी गाड्या पाठवल्या नव्हत्या. ती ताकद या जिल्ह्यात आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत अनवाणी गेलेल्या आदिवासींनी ती पुन्हा दाखवली. परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास नको म्हणून ते मुंबईत रात्रीतून चालले.

आता इशारा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत निफाड, चांदवड, दिंडोरी आणि सिन्नर तालुक्यांतल्या गावांत या मागण्यांचा ठराव मांडला जाईल, आणि जिथे राहील तिथे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत. ठराव ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीने जिल्हाधिकारी कार्यालयात पोचतील. त्याच आठवड्यात प्रत्येक गावातून माहिती अधिकाराचा अर्ज जाईल, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठात दुसरे. तिथेही टोलवाटोलवी झाली, तर मुंबई उच्च न्यायालयात याचिका, तिच्या खर्चाची वर्गणी याच कांद्याच्या हंगामात गोळा होईल.

10 नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर या चार तालुक्यांत कोणत्याही मंत्र्याचा सत्कार होणार नाही. मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याला शाल, श्रीफळ, हार काहीही मिळणार नाही. कांदा परिषद असो, द्राक्ष परिषद असो, सिंहस्थाच्या कामाचे भूमिपूजन असो, मंत्र्यासमोर पहिला प्रश्न खेरवाडीचा येईल आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरा येणार नाही. आमच्या बोर्डिंगांत, बाजार समितीत, सोसायटीत ज्यांना तुमच्या शिफारशीने खुर्ची मिळाली आहे, त्यांनीही ठरवावे की कोणाच्या बाजूला बसायचे. समृद्धी महामार्गाच्या वेळी सिन्नरच्या शिवड्यातल्या माणसांनी जमिनीसाठी कसा विरोध केला, ते तुम्हाला आठवत असेल. पुढचा रस्ता, पुढचा रिंग रोड, पुढचा प्रकल्प घेऊन तुमचे मोजणीदार जेव्हा पोलीस बंदोबस्तात गावात येतील, तेव्हा गाव पहिल्यांदा विचारेल: मागच्या वेळी झाडलेल्या गोळ्यांचा कागद आणलात का? नसेल आणला, तर बोलणी सुरू होणार नाहीत.

आमच्याकडून एकही दगड उचलला जाणार नाही. एकाही गाडीची काच फुटणार नाही आणि रुळावर कोणी पाय ठेवणार नाही. तसे कोणी केलेच तर तो आमचा नाही, त्याला आम्हीच पोलिसांच्या ताब्यात देऊ.

10 नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता आम्ही खेरवाडी स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत जमणार आहोत. दोन्ही घरांतली माणसे आली तर पुढच्या ओळीत बसतील, त्यांना यायचे नसेल तर त्या खुर्च्या तशाच राहतील. साक्षीदारांचे बोलणे त्या दिवशी कॅमेऱ्यावर नोंदवले जाईल आणि त्याची प्रत पोलीस अकादमीला रजिस्टर टपालाने जाईल. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात रीतसर दिला जाईल. जिल्हाधिकाऱ्यांनी यावे, स्वतः यावे, नायब तहसीलदाराला पाठवू नये. येताना फाइल आणावी. बारा वाजेपर्यंत वाट पाहू. साडेबाराला अर्जांची आणि ठरावांची पहिली पेटी घेऊन गाडी मुंबईला निघेल.